स्पॅनिश घर आणि झाडीपट्टीचा पाऊस

नागपूर

चि. सोनूस,


तुझं पत्र आणि नकाशे मिळाले. साकोलीजवळ धानाच्या बांध्यांमध्ये स्पॅनिश धाटणीचं शेतघर हवं, असं मालक म्हणतात आणि ते काम तू घेतलंस, याचा आनंद झाला. काम सोडू नकोस. मात्र ज्या फोटोंवरून नकाशा काढलास, ती घरं कोणत्या आभाळाखाली उभी आहेत ते आधी पाहा.

ती बहुतेक कॅलिफोर्नियातली आहेत. स्पॅनिश धर्मगुरूंनी १७६९ पासून सॅन दिएगोहून उत्तरेकडे मिशनची साखळी उभारली. उन्हात वाळवलेल्या विटांच्या जाड भिंती, मध्ये चौक आणि पुढच्या काळात छपरावर अर्धगोल कवेलू. १९१५ च्या सॅन दिएगो प्रदर्शनात वास्तुकार बर्ट्राम गुडह्यू यांनी या परंपरेला नवी प्रतिष्ठा दिली. १९२५ च्या भूकंपानंतर सांता बार्बरा शहर याच धाटणीत पुन्हा बांधलं गेलं. हे सारं उन्हाशी झगडताना सुचलेलं आहे, म्हणून आपल्या मे महिन्याला ते मानवेल. पवनीच्या आपल्या घरातही जाड भिंती, चौक, कवेलू आहेतच. तू लहानपणी तिथेच खेळलीस.

पण सॅन दिएगोला वर्षाकाठी जेमतेम २५० मिमी पाऊस पडतो, आणि तोही हिवाळ्यात. भंडाऱ्याला सुमारे १३०० मिमी, बहुतेक चार महिन्यांत. कॅलिफोर्नियातल्या छपराचा उतार कमी आणि वळचण नावापुरती असते ती पाऊस कमी म्हणून. तू तेच उचललं आहेस. अशाने पहिल्याच श्रावणात पांढऱ्या भिंती शेवाळतील आणि खिडक्यांच्या चौकटी फुगतील. उतार निदान तीस अंशांचा ठेव, वळचण तीन फूट बाहेर काढ. घराचा चेहरा थोडा बदलेल, तो बदलू दे. मालकांना हे आजच सांग, स्लॅब पडल्यावर नाही.

चौकाचा हिशेब तर तू केलेलाच दिसत नाही. चौक आणि त्यात उतरणारं छप्पर मिळून १००० चौरस फूट धर. एका दिवसात १०० मिमी पाऊस झाला, आणि आपल्याकडे तो होतो, तर ९,३०० लिटर पाणी त्या चौकात येईल. नकाशात त्यासाठी चार इंची एकच नळ आहे. तो पाचोळ्याने तुंबला की पाणी थेट माजघरात. दोन नळ टाक, वर जाळी बसव, चौकाची फरशी सपरीपेक्षा निदान सहा इंच खाली ठेव, आणि पाणी शेतातल्या बोडीत सोड. छपराचे दोन उतार मिळतात त्या कोपऱ्यातली पन्हळ रुंद हवी, कारण गळती तिथूनच सुरू होते. कारंजं काढून टाक. वीज गेली की त्याचा डासांचा हौद होईल.

पश्चिमेची भिंत दीड विटेची कर. खिडक्या मात्र फोटोतल्यासारख्या लहान ठेवू नकोस. तिथला उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे ऑगस्टच्या उकाड्यात वारा आरपार गेला नाही तर माणूस गुदमरतो. समोरासमोर खिडक्या, आतल्या भिंतींना वर झरोके.

नकाशात कमानी सात आहेत. सिमेंटच्या बीमखाली चिकटवलेली कमान मला खोटी वाटते, आणि तुलाही वाटायला हवी. सपरीला तीनच ठेव, पण विटांच्या, खरोखर भार पेलणाऱ्या.

स्पेनच्या नावाने बाहेरून टाइल्स मागवण्याचं मनातून काढ. आपला कुंभार चाकावर निमुळती नळी घडवतो, ती उभी चिरून दोन कवेलू करतो. आकार जवळजवळ तोच. वानरं फोडतात आणि दरवर्षी फेरावे लागतात, ही मालकांची तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून खाली उतरता स्लॅब घालून कवेलू चुन्या-सिमेंटात बसव. खर्च वाढेल, पण घर टिकेल. लाकडाला उधई लागते, म्हणून जोतं तीन फूट आणि दारांना सागवान किंवा बीजा.

एकदा सेवाग्रामला जाऊन ये. भंडारा रोड स्थानकावरून गाडी आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. बापू कुटीच्या मातीच्या भिंती, कवेलू आणि खोल ओसरी दुपारी बारा वाजता हाताने चाचपून पाहा. मोजपट्टी सोबत घे.

आता दर्शनी चित्र पाठवू नकोस. चौकातून घेतलेला उभा छेद पाठव, त्यात पन्हळ, नळ आणि जोत्याची मापं लिहून.

तुझा,
काका