दत्तक बाळ परदेशी नेताना

परदेशी स्थायिक झालेल्या मुला-सुनेला इथले बाळ दत्तक घ्यायचे असते आणि आजी-आजोबा संस्थेचा वैद्यकीय अहवाल घेऊन माझ्या लालबागच्या दवाखान्यात येतात. परदेशी दत्तकाचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात घालून दिले. आता हे काम 'कारा' या केंद्रीय संस्थेमार्फतच होते.

अहवालात एचआयव्ही 'पॉझिटिव्ह' दिसले की घर हादरते. पण घाई करू नका. आईची प्रतिद्रव्ये वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात व दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणून १८ महिन्यांखालील बाळाची प्रत्यक्ष विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हाही करावी. लागण असलीच, तरी वेळेवर औषधे सुरू केल्यास मूल शाळेत जाते, मोठे होते.

तिकडे पोचल्यावर दोन आठवड्यांत बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कावीळ 'बी', क्षय, जंत व रक्तक्षय यांची तपासणी करून घ्या. लसींचे कार्ड जपून न्या. मुलीला पाळी लवकर येण्याची शक्यता असते. स्वीडनला दत्तक गेलेल्या भारतीय मुलींत तसे आढळले आहे. तेव्हा तिच्या उंची-वजनाची नोंद ठेवा.