रमजानचे रोजे आणि त्यांमागील इतिहास



शाबान महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी सायंकाळी मुसलमान बांधव पश्चिमेकडे दृष्टी लावून उभे राहतात. चंद्रकोर दिसली, की दुसऱ्या दिवसापासून रमजानचे रोजे सुरू होतात. न दिसल्यास शाबानचे तीस दिवस पुरे करावे लागतात. त्या महिन्यात आपल्या वर्गातील एखादा सोबती दिवसभर पाण्याचा थेंबही घेत नाही, हे आपण पाहतो. परंतु तो असे का करतो, हे पुष्कळांना सांगता येत नाही. स्वतः रोजा पाळणाऱ्या कित्येक मुलांनाही त्यामागील इतिहास पुरतेपणी ठाऊक नसतो. तो इतिहास जाणून घेतल्याखेरीज ह्या महिन्याचे खरे मोल कळणार नाही.

प्रथम कालगणनेविषयी थोडेसे. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असून त्याचे दिवस सुमारे ३५४ भरतात. हिंदू पंचांगात अधिक मास धरून चांद्र वर्षाचा सौर वर्षाशी मेळ घातला जातो. हिजरी गणनेत तशी सोय नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंची फेरी पुरी करतो. म्हणून एकाच मनुष्याला थंडीतील लहान दिवसांचे रोजेही घडतात आणि वैशाखवणव्यातील लांब दिवसांचेही.

आता अरबस्तानाकडे वळू. मक्केजवळच्या एका डोंगरावर हिरा नावाची गुहा आहे. हजरत मुहंमद पैगंबर एकांत चिंतनासाठी तेथे जात. त्यांच्या वयाच्या चाळिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ६१० च्या सुमारास, रमजान महिन्यातील एका रात्री त्यांना तेथे पहिला ईश्वरी संदेश मिळाला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. त्या संदेशाचा पहिला शब्द ‘इक्रा’ हा होता. त्याचा अर्थ ‘वाच’ किंवा ‘पठण कर’. त्या अनुभवाने भयभीत होऊन ते घरी आले, तेव्हा त्यांच्या पत्नी खदीजा ह्यांनी त्यांना धीर दिला. पुढे सुमारे २३ वर्षे हे संदेश येत राहिले आणि त्यांचेच कुराण झाले. ज्या महिन्यात त्याचा आरंभ झाला, तोच महिना उपवासासाठी ठरला.

मक्केतील छळ असह्य झाल्यामुळे पैगंबर इ. स. ६२२ मध्ये मदिनेस गेले. ह्या स्थलांतरालाच ‘हिजरत’ म्हणतात आणि हिजरी सन तेथूनच मोजतात. सनाच्या दुसऱ्या वर्षी रमजानचे रोजे आवश्यक ठरले. पहाटेच्या पहिल्या उजेडापासून सूर्यास्तापर्यंत अन्न व पाणी दोन्ही वर्ज्य, हा मुख्य नियम. मात्र आजारी मनुष्यास व प्रवाशास सवलत आहे. राहिलेले रोजे त्यांनी पुढे भरून काढावेत. ज्यांना उपवास मुळीच झेपत नाही, त्यांनी त्याऐवजी गरिबास जेवू घालावे. लहान मुलांवर रोजे बंधनकारक नाहीत. शरीरास निष्कारण क्लेश देणे हा ह्या व्रताचा हेतू नव्हे, हे ह्या सवलतींवरूनच दिसते.

त्याच वर्षी, रमजानच्या सतराव्या दिवशी (इ. स. ६२४), बद्र येथे मक्केच्या कुरैशांशी लढाई झाली. मुसलमान तीनशेंहून थोडे अधिक आणि कुरैश सुमारे हजार होते. तरी विजय मुसलमानांचा झाला. सुमारे सत्तर शत्रू कैद झाले. खंडणी घेऊन कैदी सोडण्याची तेथे रीत होती. परंतु ज्यांच्यापाशी धन नव्हते व लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेच्या प्रत्येकी दहा मुलांना लिहावयास शिकवावे आणि मोकळे व्हावे, असे ठरल्याचे परंपरा सांगते. विद्येची किंमत खंडणीच्या बरोबरीची धरली गेली, ही गोष्ट शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाने ध्यानात ठेवावी.

ह्याहून मोठा प्रसंग हिजरी सनाच्या आठव्या वर्षी, रमजानातच घडला. कुरैशांशी झालेला हुदैबियाचा तह मोडला गेल्यावर इ. स. ६३० च्या जानेवारीत पैगंबर सुमारे दहा हजार लोकांसह मक्केकडे निघाले. वाटेत रोज्यामुळे लोकांना त्रास होऊ लागला, तेव्हा त्यांनी सर्वांच्या देखत पाणी पिऊन आपला रोजा सोडला, म्हणजे इतरांसही संकोच वाटू नये. एका बाजूची किरकोळ चकमक सोडल्यास शहर लढाईवाचून हाती आले.

त्या दिवशी मक्केच्या लोकांची काय अवस्था झाली असेल! ह्याच लोकांनी पैगंबरांना गावातून घालवले होते आणि त्यांच्या अनुयायांचे हाल केले होते. उहुदच्या लढाईत (इ. स. ६२५) त्यांचे काका हमजा मारले गेले व त्यांच्या शवाची विटंबना झाली. आता सूड घेण्यास अडवणारे कोणीही उरले नव्हते. अशा वेळी थोडे अपवाद वगळता सर्व नगरास क्षमा जाहीर झाली. हमजांचा वध करणारा वहशी आणि शवाची विटंबना करणारी हिंद ह्यांनाही पुढे क्षमा मिळाली. ज्या बिलाल नावाच्या हबशी गुलामाला मक्केत तापलेल्या वाळूवर निजवून छळले होते, त्याने काब्यावर चढून अजान दिली.

उपवासाचे मर्म येथे उघड होते. घरात अन्न असून न खाणे, समोर पाणी असून न पिणे, हा रोजा. हाती सामर्थ्य असून सूड न घेणे, हा त्याच रोज्याचा मोठा भाग होय. ज्याला पहिले साधते त्याला दुसरे साधावे, ह्यासाठीच हा महिनाभराचा अभ्यास. खोटे बोलणे व खोटे वागणे ज्याने सोडले नाही, त्याने अन्नपाणी सोडावे ह्याची ईश्वरास गरज नाही, अशा अर्थाचे पैगंबरांचे वचन प्रसिद्ध आहे. कोणी भांडावयास आले, तर ‘माझा रोजा आहे’ एवढेच म्हणून दूर व्हावे, असेही त्यांनी सांगितले आहे.

ह्या इतिहासाच्या आधारे महिन्याचा दिनक्रम पाहिला, म्हणजे त्यातील प्रत्येक गोष्टीचा अर्थ लागतो. पहाटे सहरी घेऊन रोजा धरतात. सूर्यास्तास बहुधा खजूर व पाणी घेऊन इफ्तार करतात. रात्री तरावीहची नमाज होते. दुसरे खलिफा हजरत उमर ह्यांनी ती एका इमामाच्या मागे एकत्र पढण्याची व्यवस्था लावून दिली. अनेक मशिदींतून ह्या नमाजेत महिनाभरात संपूर्ण कुराणाचे पठण होते. हिरा गुहेतील ‘इक्रा’ ह्या आज्ञेचे ते जणू सामुदायिक पालनच होय. शेवटच्या दहा दिवसांत काहीजण मशिदीत एकांतवास करतात. त्यास ‘एतिकाफ’ म्हणतात. ह्याच दहा दिवसांतील एका विषम रात्री ‘शब-ए-कद्र’ येते, असे मानतात. कुराणाच्या पहिल्या अवतरणाची ती रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ समजली जाते. पुढे ईदच्या नमाजेपूर्वी घरातील प्रत्येक माणसामागे सुमारे अडीच-तीन किलो धान्य किंवा त्याची किंमत गरिबांस द्यावयाची असते. हा फितरा होय. स्वतः भूक अनुभवलेल्याने सणाच्या दिवशी दुसऱ्यास उपाशी ठेवू नये, हा त्यातील भाव.

मित्रांनो, तुमच्यापैकी जे रोजे पाळतात, त्यांनी भुकेबरोबर आपल्या जिभेवर व रागावरही पहारा ठेवावा आणि रोज थोडे तरी अर्थासह वाचावे. जे पाळत नाहीत, त्यांनी उपवासी सोबत्याची थट्टा करू नये. उलट त्याच्याकडून ह्या गोष्टी समजून घ्याव्यात. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृति’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, तो शेजाऱ्यास शेजाऱ्याची ओळख व्हावी म्हणूनच. वर्गात कोणाशी तंटा होईल आणि प्रत्युत्तर देण्याचे बळ आपल्या अंगी असेल, त्या क्षणी मक्केतील तो दिवस आठवावा. रोजा पाळणाऱ्यास आणि न पाळणाऱ्यासही हा धडा सारखाच उपयोगी आहे.