तक्रार म्हणजे भांडण नव्हे

मराठीत असे पुष्कळ शब्द आहेत, की जे तुम्ही घरी उर्दूत रोज बोलता. हक्क, कायदा, गुन्हा, फिर्याद, जबाबदारी हे शब्द मराठी वर्तमानपत्रात दिसले, तरी तुम्हांला शब्दकोश उघडावा लागत नाही. परंतु काही शब्द फसवे असतात. ‘तक्रार’ हा असाच एक शब्द आहे. उर्दूत तकरार म्हणजे वाद, भांडण. मराठीत तक्रार म्हणजे शिकायत. आपल्यावर किंवा दुसऱ्यावर झालेला अन्याय योग्य माणसाच्या कानावर घालणे, म्हणजे तक्रार करणे. नळाला पाणी आले नाही, तर आपण नगरपालिकेत तक्रार करतो. त्यात कोणाशी भांडण नसते.

हा फरक केवळ भाषेचा असता, तर तो परीक्षेपुरता लक्षात ठेवून भागले असते. पण घराघरांत असे घडते, की मूल शिकायत घेऊन येते आणि मोठी माणसे तिला भांडण समजतात. “मोठ्यांविषयी असे बोलू नये”, “तूच काहीतरी केले असशील”, “लोक काय म्हणतील?” अशी उत्तरे मिळाली, की मूल गप्प होते. पुन्हा ते सहसा तोंड उघडत नाही.

भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील 12,447 मुलांना त्यात प्रश्न विचारले होते. महाराष्ट्रातील मुलेही त्यांत होती. निम्म्याहून अधिक मुलांनी सांगितले, की आपल्याशी कोणीतरी कोणत्या ना कोणत्या प्रकारे लैंगिक गैरवर्तन केले आहे. असे सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. म्हणून ‘हा मुलींचा प्रश्न आहे’ असे म्हणणे बरोबर नाही. आणखी एक गोष्ट या पाहणीतून दिसली. त्रास देणारा माणूस पुष्कळदा अनोळखी नसतो. तो नात्यातला, शेजारचा, ओळखीचा, मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असा असतो. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.

का सांगितली नसेल? कारण त्रास देणारा माणूस सहसा म्हणतो, “ही आपल्या दोघांतली गोष्ट आहे. कोणाला सांगू नकोस.” कधी तो खाऊ देतो, पैसे देतो, मोबाईल वापरायला देतो, कधी धमकी देतो. आपल्याकडे दुसऱ्याचे गुपित ही अमानत मानतात, आणि ते योग्यच आहे. पण ईदसाठी अम्मीला न सांगता आणलेली भेटवस्तू हे एक गुपित आणि ज्यामुळे रात्री झोप लागत नाही, ते दुसरे गुपित. पहिले गुपित चार दिवसांनी सर्वांना कळते आणि सगळे हसतात. दुसरे कायमचे लपवायला सांगितलेले असते. ते अमानत नव्हे. ते एखाद्या वडील माणसाला सांगितल्याने कोणाचा विश्वासघात होत नाही.

आता कायदा काय म्हणतो, ते पाहू. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा 2012 साली झाला आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबरपासून लागू झाला. वर्तमानपत्रे त्याला ‘पोक्सो’ म्हणतात. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. मग तो मुलगा असो की मुलगी. वाईट हेतूने अंगाला स्पर्श करणे हा तर गुन्हा आहेच. पण घाणेरडी चित्रे दाखवणे, वाईट हेतूने पाठलाग करणे, मोबाईलवर नको ते फोटो मागणे किंवा ‘तुझा फोटो सगळ्यांना पाठवीन’ अशी भीती घालणे, हेही गुन्हे आहेत.

या कायद्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट शिक्षेची नाही, ऐकण्याची आहे. बालक स्वतः तक्रार करू शकते. पोलिसांनी ती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत लिहून घ्यायची असते. लिहिण्याची भाषा त्याला कळत नसेल, तर दुभाषा म्हणजे तर्जुमान द्यावा लागतो. याचा अर्थ, उर्दू बोलणाऱ्या मुलाला ‘आधी नीट मराठीत सांग’ असे म्हणून परत पाठवता येत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या ठिकाणी घेतात. शक्यतो महिला अधिकारी येतात आणि त्या वेळी पोलिसांनी गणवेश घालायचा नसतो. आईवडील किंवा मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे असे माणूस जवळ असते. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. न्यायालयात त्याला पुन्हा पुन्हा बोलावू नये, आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ नये, अशीही तरतूद आहे. वर्तमानपत्रांनी त्याचे नाव, पत्ता, फोटो, शाळेचे नाव छापायचे नसते. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे.

मोठ्यांना मात्र गप्प बसण्याची मोकळीक नाही. गुन्हा माहीत असूनही ज्याने कळवला नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला, तर एक वर्षापर्यंत. शाळेचे नाव खराब होईल म्हणून प्रकरण मिटवू पाहणारे लोक हे कलम विसरतात. बालकाला मात्र न कळवल्याबद्दल शिक्षा नाही.

पण कायदा पुस्तकात असून काय उपयोग? मूल तेथपर्यंत पोहोचणार कसे? मुंबईत रेल्वे स्थानकांवर आणि रस्त्यांवर राहणाऱ्या मुलांमध्ये काम करताना जेरू बिलिमोरिया यांना हाच प्रश्न पडला. त्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवीत असत. त्यांनी आपला दूरध्वनी क्रमांक मुलांना दिला, तेव्हा मुले रात्री-अपरात्री फोन करू लागली. कोणी आजारी असे, कोणाला मारहाण झालेली असे, कोणाला नुसते बोलायचे असे. त्यातून 1996 साली मुंबईत 1098 या क्रमांकाची ‘चाइल्डलाइन’ सुरू झाली. पुढे ती देशभर पसरली. 2023 पासून ती शासकीय यंत्रणेमार्फत चालवली जाऊ लागली. हा क्रमांक कोणी ‘एक हजार अठ्ठ्याण्णव’ असा वाचत नाही. ‘दस, नौ, आठ’ असा वाचतात. ज्याने शाळा पाहिली नाही, त्या मुलालाही ही उलटी मोजणी पाठ असते. फोनला पैसे पडत नाहीत, तो चोवीस तास चालू असतो आणि दुसऱ्या मुलासाठीही करता येतो.

आता जरा आपल्या वर्गाकडे पाहा. मधल्या सुट्टीत कोण एकटा बसतो? ज्याची जीभ अडखळते तो? जिच्या कानाला यंत्र आहे ती? दुसऱ्या गावाहून आलेला, आपल्यासारखे न बोलणारा? आपण त्याला खेळात घेत नाही, तेव्हा आपल्याला वाटते, की एवढीशी तर गोष्ट आहे. पण वाईट हेतूचा माणूस असेच मूल शोधत असतो. ज्याला मित्र नाही, ते सांगणार कोणाला? सांगितले तरी त्याचे ऐकणार कोण? चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या किंवा बोलू न शकणाऱ्या मुलाला हा धोका इतरांहून अधिक असतो. कपडे बदलण्यापासून ते घरी जाण्यापर्यंत त्याला दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. म्हणून बोलू न शकणाऱ्या मुलाचा जबाब घेताना खुणांची भाषा जाणणारा किंवा विशेष शिक्षक बोलावण्याची तरतूद कायद्यात आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा तर सांगतो, की अशा मुलांना इतरांबरोबर एकाच शाळेत शिकता आले पाहिजे. शाळा दरवाज्यापाशी उतार बांधील. पण शेजारी जागा करून देणे हे बाकावर बसलेल्यांचे काम आहे.

एखाद्या मित्राने तुम्हांला अशी गोष्ट सांगितली, तर काय कराल? प्रथम त्याचे ऐकून घ्या. “खरंच?” असे तोंड वाकडे करून विचारू नका. खोदून खोदून प्रश्न विचारू नका. “यात तुझी चूक नाही”, एवढे सांगा. “मी कोणालाच सांगणार नाही” असे वचन मात्र देऊ नका, कारण ते तुम्हांला पाळता येणार नाही. त्याऐवजी “आपण दोघे मिळून बाईंना सांगू” असे म्हणा. वर्गात त्याची चर्चा करू नका. आणि पहिल्या वडील माणसाने ऐकले नाही, तर दुसऱ्याकडे जा; आई, खाला, सर, दवाखान्यातील परिचारिका, कोणीही. कोणीच ऐकले नाही, तर दस, नौ, आठ.

जाता जाता आणखी एक फसवा शब्द. हिंदीत शिक्षा म्हणजे तालीम. मराठीत शिक्षा म्हणजे सजा. मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देणाऱ्या 2009 च्या कायद्याने शाळेत मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टींना बंदी घातली आहे. सर्वांसमोर ‘लंगडा’, ‘तोतरा’ म्हणून हाक मारणे हाही छळच. या बाबतीत तक्रार कोणाविरुद्ध होऊ शकते, हे आम्हा शिक्षकांनाही माहीत असलेले बरे.

स्वाध्याय

1. मराठी ‘तक्रार’ आणि उर्दू ‘तकरार’ यांच्या अर्थांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
2. उर्दू बोलणाऱ्या मुलाची तक्रार लिहून घेताना पोलिसांनी काय केले पाहिजे?
3. मित्राला “कोणालाच सांगणार नाही” असे वचन का देऊ नये?
4. ‘हक्क’, ‘जबाबदारी’ आणि ‘गुन्हा’ हे शब्द वापरून प्रत्येकी एक मराठी वाक्य तयार करा.