४.३ वनस्पतिजन्य वाफा आणि सेंद्रिय वायुकण

पाइनच्या अरण्यातील राळेचा गंध मुख्यतः टर्पिन वर्गातील वाफांचा असतो. अल्फा-पायनीन ही त्यांपैकीच एक. तिच्या रेणूतील कार्बन-कार्बन दुहेरी बंधाशी हवेतील ओझोनची अभिक्रिया होते. रेणूत ऑक्सिजनची भर पडल्याने काही उत्पादितांची बाष्पनशीलता घटते. ती वायुरूपात टिकत नाहीत. सूक्ष्म कणांवर साचतात किंवा एकत्र येऊन नवे कण घडवतात. डोंगरांवरील निळसर धूसरतेचा संबंध वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी 1960 मध्ये अशा वाफांशी जोडला. हे कण सूर्यप्रकाश विखुरतात आणि पुरेसे वाढल्यास त्यांच्याभोवती मेघबिंदू तयार होतात. म्हणूनच हवेतील धूसरतेत मानवाचा वाटा ठरवताना अरण्याचा वाटाही मोजावा लागतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न : गंधरूप वाफेचे कणांत रूपांतर कसे होते?