इंटरनेटवाचून फाइलींची देवाणघेवाण

यावल, रावेर, चोपडा व शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या अनेक पाड्यांवर मोबाइलची रेंज क्षीण असते. तेथे शिक्षकास सहकाऱ्याला पाठाची चित्रफीत द्यावयाची झाल्यास इंटरनेटची वाट पाहण्याचे कारण नाही. अँड्रॉइड फोनमधील ‘क्विक शेअर’ (गूगलची ही सोय २०२४ पूर्वी ‘निअरबाय शेअर’ म्हणून ओळखली जाई) ब्लूटूथने जवळचा फोन शोधते आणि वाय-फायच्या लहरींवरून फाइल थेट पोहोचविते. नुसत्या ब्लूटूथने ग्रामसभेचा ठराव जाईल. चित्रफीत मात्र रेंगाळेल.

‘शेअरइट’ व ‘झेंडर’ यांवर केंद्र शासनाने जून २०२० मध्ये बंदी घातली. जुन्या फोनांत ती राहिली असल्यास काढून टाकणे इष्ट.

लाभार्थ्यांच्या याद्यांत आधार क्रमांक व बँक खाती असतात. पंचायत समितीच्या बैठकीत एकाच कंपनीचे अनेक फोन पडद्यावर एकाच नावाने दिसतात आणि यादी भलत्याच हाती पडू शकते. म्हणून प्रत्येकाने आपल्या फोनला ओळखू येईल असे नाव द्यावे, व घेणाऱ्यास विचारूनच फाइल पाठवावी.

रेंज असेल तेथे व्हॉट्सअ‍ॅप आहेच. परंतु सातबाऱ्याचे छायाचित्र त्यावर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. एरव्ही चित्र आक्रसते आणि गट क्रमांक वाचता येत नाही.