फ्लॅशचा डोळा कोठे असावा?

आपल्या शेवगाव तालुक्यात घोटणच्या मल्लिकार्जुन मंदिरासारखी जुनी देवळे आहेत. अशा देवळांच्या गाभाऱ्यात उजेड बेताचाच असतो, आणि छायाचित्र घ्यायचे तर बहुधा फ्लॅश लागतो. फिल्म धुऊन येईपर्यंत निकाल कळत नसल्याने, फ्लॅशचा प्रकाश कसा मोजला जातो हे आधीच समजून घेतलेले बरे.

मूळ हिशेब सोपा आहे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. म्हणून प्रत्येक फ्लॅशला गाइड नंबर दिलेला असतो. त्यास अंतराने भागले की ॲपर्चर मिळते. १०० आयएसओच्या फिल्मला गाइड नंबर ३२ असेल आणि मूर्ती ४ मीटरवर असेल, तर उत्तर एफ ८.

ऑटोमॅटिक फ्लॅश हा हिशेब आपल्यावर सोडत नाही. त्याच्या दर्शनी भागात सेन्सर असतो. वस्तूवरून परतलेला प्रकाश पुरेसा झाला की तो फ्लॅश तत्काळ बंद करतो. मात्र फ्लॅशवर दाखविलेले ॲपर्चर आपण भिंगावर लावले पाहिजे.

१९७५ साली आलेल्या ऑलिंपस ओएम-२ या कॅमेऱ्याने हा डोळा कॅमेऱ्याच्या पोटात नेला. भिंगातून येऊन फिल्मवरून परावर्तित होणारा प्रकाशच तेथे मोजला जातो. हीच टीटीएल, म्हणजे भिंगातून मोजणीची, पद्धत. तिचा खरा लाभ जवळच्या चित्रात दिसतो. एक्स्टेन्शन ट्यूब लावून कोरीव फूल मूळ आकाराएवढे टिपले, तर फिल्मवर सुमारे चौथाई प्रकाश पोहोचतो. बाहेरच्या सेन्सरला याचा पत्ता नसतो, आतल्याला असतो.

परंतु माझ्या मते खरी मेख पुढेच आहे. डोळा आत असो की बाहेर, समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असेच तो धरून चालतो. काळ्या पाषाणाने चौकट भरली तर दगड फिकट येतो. पांढऱ्या भिंतीपुढचे पांढरे धोतर मळकट दिसते. येथे दुरुस्ती आपणच करायची, आणि तिची रीत दोन्हींत वेगळी आहे. ऑटोमॅटिकमध्ये काळ्या दगडासाठी ॲपर्चर एक घर बारीक करावे. टीटीएलमध्ये तसे करून उपयोग नाही; आतला डोळा ते ओळखून फ्लॅश अधिक वेळ चालू ठेवतो. तेथे १०० च्या फिल्मला चकती २०० वर फिरवावी. धोतरासाठी उलट ५० वर.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म नाही. त्यामुळे तेथे बहुधा आधी एक क्षीण चमक सोडून मोजणी होते. पण करड्या रंगाचे गृहीत तेथेही सर्वस्वी सुटलेले नाही.

सारांश, मंडपातील वा सभेतील नेहमीच्या चित्रांना ऑटोमॅटिक पुरेसा आहे. बारीक नक्षीकामाला टीटीएल सरस. मात्र दगड काळा आहे हे कोणतेच यंत्र सांगणार नाही. ते पाहणे छायाचित्रकाराकडेच राहते.