जुन्या चिठ्ठीवर नवा चष्मा?

प्रश्न : वय ५२, मधुमेह आहे. सोयाबीन सोंगताना चष्मा फुटला. नंबरची चार वर्षांपूर्वीची चिठ्ठी घरात आहे. तिच्यावरच नवा केला तर डोळे बिघडतील का?
– एक शेतकरी, रिसोड (जि. वाशिम)

उत्तर : भाऊ, धास्ती सोडा. चुकीच्या नंबरानं मोठ्या माणसाचे डोळे बिघडत नाहीत. फार तर धूसर दिसेल, डोकं दुखेल. पण चाळिशीनंतर जवळचा नंबर वाढत जातो. फवारणीच्या डब्यावरची बारीक अक्षरं जुन्या नंबरानं बहुधा लागणार नाहीत आणि पैसे वाया जातील. अगदीच अडलं तर कामापुरता स्वस्तातला करून घ्या.

तुमच्या बाबतीत खरी काळजी मधुमेहाची. साखर वरखाली झाली की नंबरही हलतो, म्हणून ती काही आठवडे आटोक्यात राहिल्यावरच नंबर काढा. त्याच वेळी थेंब टाकून डोळ्याचा पडदा तपासून घ्या, पुढेही दरवर्षी. पडद्याची खराबी सुरुवातीला जाणवत नाही आणि दुकानातल्या नंबरच्या मशीनवर कळत नाही. वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करा. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं; मोटारसायकल चालवू नका, सोबत कुणाला न्या.

अचानक काळे ठिपके किंवा अंधारी आली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.